उत्तर मिळालेल्या प्रार्थनांचा फळा

आमच्या घरात पाण्याचा तांब्या कुठे ठेवायचा याला नियम होता. पप्पांच्या ताटाच्या बरोबर समोर, भाजीच्या वाटीच्या पलीकडे. डावीकडे कधीच नाही. डावीकडे ठेवला की तो हमखास लवंडायचा, आणि पप्पा दचकून म्हणायचे, "इथं कुणी ठिवला?" हा नियम कुणी तोंडाने सांगितला नव्हता. एके दिवशी आईने मुकाट्याने तांब्या उचलून समोर ठेवला. मग ठेच्याची वाटी समोर आली, मग भाकरीची दुरडी, आणि थोड्याच दिवसांत पप्पांच्या ताटापुढे एवढी गर्दी झाली की डावी बाजू भाडेकरू नसलेल्या खोलीसारखी रिकामी राहू लागली. मी तेव्हा आठवीत होते. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

आम्ही शाळेच्या आवारात राहायचो. कोल्हारच्या पुढे, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, चहूबाजूंनी ऊस आणि मध्ये आमची शाळा. आधी ती साधी मिशनची शाळा होती. आम्ही राहायला गेलो त्याच्या आसपास फाटकावर नवी पाटी लागली आणि नावात 'इंटरनॅशनल' आलं. इंटरनॅशनल म्हणजे काय, असं आईने फाटकावरच्या किसनमामाला विचारलं, तर तो म्हणाला, "चपाती चमच्यानं खात्यात, ते." पण खरोखरच लांबलांबची मुलं आली. कुणाचे आईबाप दुबईला, कुणाचे मस्कतला, दोन बहिणी नागालँडच्या. पप्पा शाळेची बस चालवायचे, आई मेसमध्ये दोनवेळच्या चपात्या लाटायची, आणि त्या दोघांच्या नोकरीवर मला त्या शाळेत फुकट शिकायला मिळत होतं. माझं नाव एस्तेर. शाळेत 'एस्थर', घरात 'एस्तू'.

मेसच्या मागे दोन खोल्यांचं आमचं क्वार्टर. सकाळी साडेपाचला घंटा, मग चॅपलमधून पियानोचा सराव, तोच तोच एक तुकडा, आणि त्यात रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी मिसळायची. हंगामात कारखान्याच्या मळीचा वास दिवसभर अंगाला चिकटून असायचा. रविवारी संध्याकाळी मात्र कामगारांच्या चाळीत आमची भजनं व्हायची, पेटी आणि ढोलकीवर. पप्पा ढोलकी वाजवायचे. ते मूळचे तिसगावकडचे, आवाज खडा. तरुणपणी पप्पा दारू प्यायचे आणि एका उपासना-सभेत त्यांनी ती सोडली, ही गोष्ट शाळेत सगळ्यांना ठाऊक होती, कारण दर वर्षी परदेशी पाहुणे आले की पप्पांना उभं करून ती सांगायला लावत. पप्पांना ते आवडायचं की नाही हे मला कधीच कळलं नाही. ते उभे राहायचे, टोपी हातात घ्यायचे आणि दर वर्षी त्याच शब्दांत सांगायचे.

शाळेत दर महिन्याला एक गुण ठरलेला असे. जूनमध्ये सत्य, जुलैमध्ये कृतज्ञता, ऑगस्टमध्ये धैर्य. त्या महिन्यात ज्याने तो गुण दाखवला त्याच्या शर्टाला पितळी बिल्ला. आणि दर बुधवारी शाळा सुटल्यावर मुलींचं प्रार्थनावर्तुळ. लीना मिस ते घ्यायच्या. त्या केरळच्या, मायाळू, मराठी मोडकं बोलायच्या. आम्ही गोल बसायचो आणि प्रत्येकीने एक विनंती सांगायची. ती पिवळ्या कार्डावर लिहून हॉलमधल्या फळ्यावर लागायची. प्रार्थनेला उत्तर मिळालं की पिवळं कार्ड निघून हिरवं लागायचं. वर्षाअखेरीला हिरवी कार्डं मोजली जात आणि पाहुण्यांना तो फळा आधी दाखवला जाई. एक गोष्ट मात्र कुणी ठरवली नसूनही पक्की होती. हिरवं झालेलं कार्ड परत पिवळं होत नसे.

आता जे सांगायचं आहे ते मी स्वतःशीसुद्धा अनेक वर्षं नीट सांगितलेलं नाही. माझ्याकडे चांगली विनंती नव्हती. तीन बुधवार मी 'परीक्षेसाठी' म्हटलं होतं. माझ्या शेजारी बसणारी मस्कतवाली मुलगी दर आठवड्याला आईची आठवण सांगून रडायची आणि लीना मिस तिला जवळ घ्यायच्या. मला हेवा वाटला. सरळ शब्दांत सांगायचं तर हेवाच. म्हणून चौथ्या बुधवारी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "माझ्या पप्पांच्या डोळ्यांसाठी. त्यांना डावीकडचं दिसत नाही." म्हणताना मला रडू आलं, आणि ते रडू खरं होतं, हेही सांगायला हवं. लीना मिसनी मला जवळ घेतलं. त्यांच्या साडीला चंदनाच्या साबणाचा वास होता. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्यावरचं ते कार्ड वाचून प्रिन्सिपल सरांनी पप्पांना ऑफिसात बोलावलं. ते घरी आले तेव्हा मी दप्तर भरत होते. ते कॉटवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "एस्तू, तू मला इचारायचं हुतंस गं आधी." बस्स, एवढंच. आई मात्र स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच आली. "आगं, घर जाईल आपलं! तुझी शाळा जाईल! कुनी सांगितलं हुतं तुला सतीसावित्री व्हायला?" बायबल वाचणाऱ्या माझ्या आईच्या तोंडी रागात सतीसावित्रीच यायची.

पण घर गेलं नाही. प्रिन्सिपल सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पप्पांना महिनाभर बसवरून उतरवलं, कोल्हारचा एक ड्रायव्हर रोजाने लावला, आणि डॉक्टरला दाखवून या असंही सांगितलं. फाटकावरचा किसनमामा तर मागेच लागला. हा आमच्या शाळेचा वॉचमन; शेजारच्या वस्तीवरचा, हिंदू, गळ्यात माळ, वीस वर्षं त्याच फाटकावर. तो पप्पांना म्हणाला, "दानियल, प्रार्थना करा तुमी, माझी ना न्हाई. पन संगमनेरला डोळ्याचा चांगला दवाखाना हाय. माझ्या मेव्हन्याचं काम झालं तिथं. उद्याच्याला जाऊ, मी येतो संगं." पप्पा हो म्हणाले. उद्या उद्या करत पंधरा दिवस गेले, आणि तेवढ्यात पाहुणे आले.

पाहुण्यांमध्ये एक उंच, पांढऱ्या केसांचे पाळक होते. त्यांनी फळ्यावरचं माझं पिवळं कार्ड वाचलं. रविवारच्या उपासनेत पप्पांना पुढे बोलावलं, डोळ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि मोठ्याने प्रार्थना केली. सगळी शाळा उभी राहून प्रार्थना करत होती. मीही करत होते, मुठी आवळून, घामाने हात ओले होईस्तोवर. मग त्यांनी हात काढले आणि पप्पांना समोरच्या भिंतीवर रंगवलेलं वचन वाचायला सांगितलं. पप्पांनी वाचलं. अडखळले नाहीत. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला, लीना मिस रडायला लागल्या, आणि मी? मी आनंदाने वेडी झाले. मी तोंड उघडलं म्हणून हे झालं, असं मला वाटलं. त्याच दिवशी माझ्या हाताने मी फळ्यावर हिरवं कार्ड लावलं. त्या महिन्याचा गुण 'विश्वास' होता. बिल्ला मला मिळाला.

पप्पांना काचबिंदू होता. हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. काचबिंदूत माणसाला समोरचं बरेच दिवस चांगलं दिसतं. कडेचं हळूहळू जातं, आणि गेलेलं कळतही नाही. पप्पा त्या दिवशी खोटं बोलले नव्हते. भिंत समोर होती. मलाही आता वर्षातून एकदा तपासून घ्यावं लागतं, कारण हा आजार रक्तातून येतो म्हणतात. हनुवटी एका यंत्रावर टेकवायची, मध्ये बघत राहायचं आणि कडेला बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मागच्या वर्षी मला बराच वेळ एकही ठिपका दिसेना. भीतीने मी अंदाजाने बटण दाबायला लागले. तपासणारी मुलगी म्हणाली, "ताई, दिसल्याशिवाय दाबू नका. मशीनला कळतं ते." मी तिला सॉरी म्हटलं. बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला हॉलमधल्या टाळ्या ऐकू आल्या.

त्या रविवारी रात्रीचं जेवण मला आठवतं. आईने त्या दिवशी सणासारखा स्वयंपाक केला होता, मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. परीक्षा घ्यायची म्हणून नव्हे, आनंदाच्या भरात मी तांब्या पप्पांच्या डावीकडे ठेवला. पप्पा बोलता बोलता रस्सा ओरपत होते. त्यांनी हात हलवला आणि तांब्या आडवा झाला. पाणी चटईवरून माझ्या पायापर्यंत आलं. पप्पा हसून म्हणाले, "ध्यान नव्हतं माझं." आईने फडकं टाकलं, तांब्या उचलून समोर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. नंतर मोरीवर भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "येकदा बोललीस तेवढं पुरं. आता गप ऱ्हायचं."

मी गप्प राहिले. सोमवारी पप्पा बसवर परत गेले. संगमनेरचा विषय किसनमामाने पुन्हा काढला, तर पप्पा म्हणाले, "देवानं दिल्यावर डॉक्टरला इचारायला जायचं म्हंजी अविश्वास झाला, किसनराव." ते मनापासून बोलत होते. आणि फळ्यावर हिरवं कार्ड होतं. आता ते गेले असते तरी कुणाला काय सांगून गेले असते? दुसऱ्या दिवसापासून किसनमामाने एक नवीनच काम सुरू केलं. बस निघायच्या वेळी तो आपल्या केबिनमधून उठायचा आणि फाटकाच्या डाव्या खांबापाशी, बसच्या बाजूला, शिट्टी घेऊन उभा राहायचा. एक शिट्टी म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. पप्पा थट्टा करायचे, "काय हो, ट्रॅफिक पोलीस झाले का?" तो म्हणायचा, "बसून बसून गुडघे धरत्यात माझे." एकदा मी शाळेतून येताना त्याला विचारलं, मामा, तू तिथेच का उभा राहतोस? तो माझ्या शर्टावरच्या बिल्ल्याकडे बघत म्हणाला, "तुला म्हायती हाय, पोरी." मी बिल्ला हाताने झाकला. तरीही मी कुणाला काही बोलले नाही.

थंडीत, उसाचा हंगाम भरात असताना, एका सकाळी धुकं पडलं होतं. पहिल्या फेरीची बस साडेसहाला मुलं आणायला रिकामीच निघायची. मी मेसच्या ओट्यावर दूध घ्यायला उभी होते, तिथून फाटक दिसायचं. बस फाटकातून निघून डावीकडे वळत होती, तेवढ्यात उजवीकडून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, आणि वर मोठ्या आवाजात गाणं लावलेलं. त्याला चुकवायला पप्पांनी बस डावीकडे जास्तच दाबली. किसनमामाने दोन शिट्ट्या वाजवल्या. मला ऐकू आल्या, कारण माझं लक्ष तिकडेच होतं. पुन्हा दोन वाजवल्या. गाण्याच्या आवाजात त्या पप्पांपर्यंत पोचल्या नसणार. ज्याला डावीकडचा आरसा दिसतो, त्या ड्रायव्हरला शिट्टीची गरज नव्हती. किसनमामा बस आणि खांब यांच्या मध्ये सापडला.

लोणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. पप्पा चाकापाशी जमिनीवर बसले होते आणि जो येईल त्याला एकच वाक्य सांगत होते, "मला दिसला न्हाई. मला दिसलाच न्हाई." लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. धुकं होतं, ट्रॅक्टर होता, नाहीच दिसणार. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. डोळ्यांचं कुणी काढलं नाही, कारण डोळे बरे झाले होते. सगळ्या शाळेने ते पाहिलं होतं. मग दोन-तीन दिवसांत दुसरं बोलणं सुरू झालं. वॉचमनची जागा केबिनमध्ये. हा बस आणि खांबाच्या मध्ये कडमडायला गेलाच कशाला? सकाळी सकाळी घेतली असेल. ज्या माणसाने आयुष्यात चहाशिवाय काही घेतलं नाही, त्याच्याबद्दल मेसच्या रांगेत असं बोललं गेलं. मी त्या रांगेत ताट घेऊन उभी होते. पप्पांनी त्याच दिवशी बसच्या चाव्या सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा गाडीवर बसणार नाही म्हणाले. सरांनी त्यांना स्टोअरवर काम दिलं. त्याबद्दलही लोकांनी पप्पांचं कौतुक केलं, केवढं हळवं मन म्हणून.

तेराव्यानंतर किसनमामाची बायको आमच्याकडे आली. चंद्रभागामामी. कपाळ रिकामं, अंगावर जुनंच हिरवं लुगडं. आई तिला बघून घाबरली, पण तिने तिला चटईवर बसवलं आणि चहा टाकला. पप्पा स्टोअरमधून यायचे होते. मामी इकडचं तिकडचं काही बोलली नाही. चहाचा कप हातात घेतला, न पिता खाली ठेवला आणि आईकडे न बघता माझ्याकडे वळली.

"पोरी, लोक म्हनत्यात माझ्या मानसाची चूक. नको तिथं उभा ऱ्हायला म्हनत्यात. पिऊन हुता म्हनत्यात. घरी येऊन मला येक दिस म्हनला हुता, दानियलला डावीकडचं दिसत न्हाई, म्हनून मी उभा ऱ्हातो. मी कुनाला सांगितलं न्हाई. सांगून कोन ऐकनार? पन तू खरं सांग. तुज्या बापाला दिसत हुतं का?"

आई चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिची पाठ मला अजून आठवते, पोलक्याची शिवण उसवलेली. मी एक शब्द बोलले असते तर त्या बाईचा नवरा पुन्हा शहाणा, जागा, कामाचा माणूस झाला असता. ती घरी जाऊन भावकीला सांगू शकली असती. आणि आमचं? पप्पा तुरुंगात गेले असते, घर गेलं असतं, माझी शाळा गेली असती. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं म्हणणं सोपं आहे. पण खरं म्हणजे मला विचार करायला वेळच लागला नाही.

"दिसत होतं," मी म्हणाले. "शाळेत सगळ्यांसमोर वाचलं त्यांनी."

मामीने मान हलवली. थोडा वेळ ती चटईच्या काड्या बोटाने सरळ करत राहिली. मग म्हणाली, "तू खोटं न्हाई बोलायचीस. तुमच्या शाळंत शिकवत्यात तसं." आणि उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाली, "मंग माझ्याच मानसाचं चुकलं म्हनायचं."

ती दारात जाऊन चपला पायात सरकवत होती, तेवढ्यात पप्पा मागच्या दाराने आले. मामी आल्याचं त्यांना माहीत नव्हतं. रोजच्यासारखे ते दार डावीकडे ठेवून चटईवर आपल्या जागी बसले आणि "एस्तू, पानी दी गं" म्हणाले. मामीचा न प्यालेला कप त्यांच्या डाव्या गुडघ्यापाशी होता. मला दिसत होता. आईला दिसत होता. आम्ही दोघीही हललो नाही. पप्पांनी मांडी नीट करायला हात टेकला आणि कप लवंडला. गरम चहा त्यांच्या बोटांवर सांडला, तसे ते दचकले आणि म्हणाले, "इथं कुणी ठिवला?"

मी दाराकडे पाहिलं. मामी एक चप्पल घालून, एक हातात धरून उभी होती. ती आधी सांडलेल्या चहाकडे बघत होती, मग पप्पांकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडे. मला वाटलं, आता ही ओरडेल, आता चाळ गोळा करेल. देवा, हिला ओरडू दे, असंही वाटलं. माझी ती एवढी एकच प्रार्थना अशी होती की जी मी कुणाला ऐकू जाईल म्हणून केली नव्हती. मामीने दुसरी चप्पल पायात घातली, पदर डोक्यावरून घेतला आणि ती फाटकाकडे चालू लागली.

तिने ते कुणालाही सांगितलं नाही. पप्पा पुढे दोन्ही डोळ्यांनी पूर्ण आंधळे झाले आणि अकरा वर्षं तसेच जगले. किसनमामा तिथे का उभा राहायचा आणि मी मामीला काय सांगितलं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. मी दहावी होऊन शाळा सोडली तेव्हाही हिरवं कार्ड फळ्यावर होतं, कडा वळलेल्या, अक्षर माझंच. मामी अजून त्याच वस्तीवर राहते असं कोल्हारला गेलं की कळतं. आता तिला कमी ऐकू येतं म्हणतात. मी दर वेळी वस्तीच्या फाट्यावर उतरते, चहा घेते आणि पुढच्या गाडीने परत येते.